आश्रमशाळेतील बाल अत्याचाराची गोपनीय कागदपत्रे : नंदुरबारच्या सरकारी सेवेचे परीक्षण

नंदुरबार जिल्ह्यातील एखाद्या आश्रमशाळेत मुलावर अत्याचार झाल्याचे उघड झाले की, त्याची माहिती पोलीस ठाणे, बालकल्याण समिती, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय एवढ्या दारांवरून फिरते. अशा मुलांसोबत साहाय्यक व्यक्ती म्हणून, म्हणजे तपास व खटल्याच्या काळात मुलाला सोबत करणारी व्यक्ती म्हणून, काम करताना या देवाणघेवाणीचा जो अनुभव आला, त्यावर हे परीक्षण आधारलेले आहे.

सुरुवातीचा टप्पा समाधानकारक आहे. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन लागतो आणि कळवणाऱ्याची उलटतपासणी होत नाही. पॉक्सो कायद्याच्या (लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा) कलम १९ नुसार पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला व विशेष न्यायालयाला कळवायचे असते; माझ्या पाहण्यातल्या प्रकरणांत ते झाले.

घोळ होतो तो त्यानंतरच्या टपालात. मुलाला दुसऱ्या आश्रमशाळेत हलवायचे असेल, तर प्रकल्प कार्यालयाला प्रवेशापुरती माहिती पुरते; जबाब किंवा वैद्यकीय अहवाल लागत नाही. तरीही एका कार्यालयाने संपूर्ण नस्तीची (फाइलची) छायाप्रत ‘माहितीस्तव’ म्हणून सगळीकडे रवाना केली आणि ती आवक लिपिकाच्या टेबलावर उघडी पडून होती. याउलट दुसऱ्या कार्यालयाने ‘बाब गोपनीय आहे’ असे सांगून मुलाच्या चालू औषधांची माहितीसुद्धा नव्या शाळेच्या अधीक्षिकेला दिली नाही. ज्याला गरज आहे त्याच्यापासून लपवायचे आणि ज्याला नाही त्याच्यापुढे उघडे टाकायचे, अशा या गोपनीयतेला मी पाचपैकी दोनच गुण देईन.

वास्तविक नियम पुरेसे स्पष्ट आहेत. समितीपुढील बालकाविषयीचे अहवाल गोपनीय मानावेत, असे बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ९९ सांगते. पीडितांची ओळख गुप्त ठेवण्याविषयीच्या निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये असे बजावले की, तपास यंत्रणेकडून ज्यांना पीडिताचे नाव कळते त्यांनीही ते गुप्त राखावे आणि आपला अहवाल बंद पाकिटातच पाठवावा. बंद पाकिटाला खर्च तो किती!

नाव खोडले की काम झाले, हा समजही कार्यालयांनी सोडायला हवा. धडगाव-मोलगीकडे पाडा मोजक्या घरांचा असतो. पत्रात इयत्ता आणि पाडा लिहिला की पुढच्या आठवडी बाजारापर्यंत मूल कोणाचे ते सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ मध्ये नावाबरोबर पत्ता आणि शाळाही उघड करण्यास मनाई आहे.

सर्वांत कच्चा दुवा मात्र दुभाष्याचा आहे. पावरी किंवा मावची ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाचा जबाब मराठीत उतरवताना हाताशी मिळेल तो माणूस बसवला जातो, आणि तो कधी त्याच शाळेचा कर्मचारी असतो. जिल्हा बाल संरक्षण कक्षाने शाळेशी संबंध नसलेल्या दुभाष्यांची यादी करून ती प्रत्येक पोलीस ठाण्यात ठेवली, तर तिसरा गुण देण्यास माझी हरकत नाही.