डेटा इंजिनीअरने आता कुठे वळावं: पाइपलाइन, मॉडेलिंग की एआय?

रात्री आपोआप चालणारा, डेटा भरणारा जॉब फेल झाला होता. ऑर्डरच्या टेबलमध्ये रकमेचा कॉलम रिकामा येऊ नये अशी टेस्ट लावलेली होती, आणि त्या रात्री बऱ्याच ओळी रिकाम्या आल्या होत्या. टीममधल्या एकाने एआय एजंटला (स्वतःच कोड लिहून चालवणाऱ्या टूलला) सांगितलं, "ही टेस्ट पास कर." दोन मिनिटांत टेस्ट हिरवी. एजंटने काय केलं होतं, तर रकमेला कोअलेस हे फंक्शन लावून रिकाम्या जागी शून्य भरलं होतं. टेस्टने रिकामं नको म्हटलं होतं, शून्य नको असं कुठे म्हटलं होतं? सरासरी ऑर्डरचा आकडा घसरला आणि ते कुणाच्या तरी लक्षात यायला नऊ दिवस गेले. मूळ भानगड अगदी साधी निघाली. सोर्सवाल्यांनी, म्हणजे डेटा जिथून येतो त्या सिस्टिमवाल्यांनी, नव्या रिलीजमध्ये कॉलमचं नाव बदललं होतं आणि जुन्या कॉलममध्ये काही येतच नव्हतं.

हा किस्सा मी एआयला नावं ठेवायला सांगत नाहीये. त्याच एजंटकडून मी रोज काम करून घेतो. पण "डेटा इंजिनीअरिंगमध्ये राहू की एआयकडे जाऊ?" असं कुणी विचारलं की मला तो आठवतो. डेटा इंजिनीअर या एका नावाखाली आज तीन वेगवेगळी कामं चालतात आणि एआयने तिन्हींवर वेगवेगळा परिणाम केलाय. त्यामुळे तुलना करायची तर टूल्सची करू नका. त्या कामातली चूक कशी कळते, कुणाला कळते आणि किती उशिरा कळते, ते बघा.

पाइपलाइन आणि प्लॅटफॉर्म

पहिलं काम जुनं. सोर्सपासून वेअरहाऊसपर्यंत (विश्लेषणासाठीच्या एकत्रित साठ्यापर्यंत) डेटा आणायचा, वेळेवर आणायचा, दोनदा आणायचा नाही. यातला मोठा भाग एआयने खरंच खाल्लाय. एपीआयचं डॉक्युमेंट देऊन कनेक्टर (सोर्समधून डेटा ओढणारा कोड) लिहून घेणं, एअरफ्लोचा डॅग (कोणतं काम कशानंतर चालायचं याचा आराखडा) उभा करणं, जुने स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेला कोड) स्पार्क या मोठा डेटा हाताळणाऱ्या इंजिनमध्ये आणणं ही कामं आठवड्यांवरून दिवसांवर आली आहेत. नवख्यांना शिकायला दिली जायची तीच ही कामं. त्यामुळे या क्षेत्रात शिरण्याची पहिली पायरीच मोडली आहे, आणि तिच्या जागी काय येणार याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेलं नाही.

उरतं ते काय? एकच जॉब दुसऱ्यांदा चालवला तर ओळी दुप्पट होता कामा नयेत. तीन दिवस उशिरा आलेला डेटा योग्य तारखेत बसला पाहिजे. वर्षभराचं बॅकफिल (जुना डेटा मागाहून भरणं) चालू असताना रोजचा लोड अडता कामा नये. एजंट यातलं प्रत्येक तंत्र जाणतो, पण तुमच्या सिस्टिममध्ये कोणता सोर्स कधी उशीर करतो हे त्याला कुणी लिहून दिलेलं नसतं. भरीला ओपन टेबल फॉरमॅट आलेत, म्हणजे कोणत्याही एका इंजिनला बांधलेली नसलेली टेबलं साठवायची पद्धत. नेटफ्लिक्समध्ये जन्मलेलं आइसबर्ग २०१८ साली अपाची फाउंडेशनकडे गेलं. आज तीच फाइल स्पार्कही वाचतो आणि दुसरी इंजिनंही. सोय मोठी आहे, पण बारीक फाइलींचं कॉम्पॅक्शन (त्या एकत्र करून मोठ्या करणं) आणि टेबलचे जुने स्नॅपशॉट काढून टाकणं कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

आणखी एक बदल फारसा बोलला जात नाही. डेटा वाचणारा आता फक्त माणूस राहिलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआयला बाहेरच्या सिस्टिमांशी जोडायची ठरावीक पद्धत) आल्यापासून एजंटला थेट डेटाबेसला जोडणं सोपं झालं. विश्लेषक एका प्रश्नासाठी डेटाबेसवर दोन-तीन क्वेरी मारतो. एजंट चाचपडत, चुकत, पुन्हा प्रयत्न करत त्याच प्रश्नासाठी कितीतरी जास्त मारू शकतो. त्याला फक्त वाचण्याची परवानगी ठेवणं, क्वेरीच्या खर्चावर मर्यादा घालणं, कोणती टेबलं दाखवायचीच नाहीत ते ठरवणं हे सगळं प्लॅटफॉर्मवाल्याच्या गळ्यात पडतं. आणि हे काम वाढतच जाणार.

इथली चूक बहुतेक वेळा ओरडते. जॉब लाल होतो, फोन वाजतो. झोपमोड होते, पण निदान कुठे बघायचं ते कळतं.

मॉडेलिंग

दुसरं काम म्हणजे आलेल्या डेटाला अर्थ देणं. २०१६ मध्ये सुरू झालेल्या डीबीटी या डेटा मॉडेलिंगच्या टूलमुळे याला ॲनालिटिक्स इंजिनीअर असं वेगळं नावही मिळालं. सगळ्यांना वाटतं की एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहिणं एआयला जमलं म्हणजे पहिला बळी याच कामाचा. मला उलट वाटतं, आणि त्याला आकड्यांचा आधार आहे.

साध्या भाषेतल्या प्रश्नावरून एसक्यूएल बनवण्याची स्पायडर नावाची चाचणी २०१८ पासून आहे. तिच्या नेटक्या, छोट्या डेटाबेसवर भाषा मॉडेलं ९१ टक्क्यांच्या पुढे गेली. मग संशोधकांनी खऱ्या कंपन्यांसारखा पसारा घेऊन स्पायडर २.० बनवली. त्यात ६३२ प्रश्न आणि कित्येक डेटाबेसमध्ये हजारावर कॉलम. तिच्या शोधनिबंधात ओपनएआयचं ओ१-प्रिव्ह्यू मॉडेल वापरणाऱ्या एजंटला सोडवता आले फक्त २१.३ टक्के. नंतर आलेल्या सिस्टिमांनी हा आकडा बराच वर नेलाय, त्यामुळे त्याच्यावर आयुष्य बेतू नका. पण दरी कुठून आली ते बघा. नव्या चाचणीत एसक्यूएलच्या बोलीही वेगवेगळ्या होत्या, पण अडचण तेवढीच नव्हती. हजार कॉलममधला नेमका कोणता घ्यायचा, इथेही गाडं अडलं.

जवळून बघायचं तर हे उदाहरण घ्या. ऑर्डरचं टेबल, एका ऑर्डरची एक ओळ. पेमेंटचं टेबल, एका पेमेंटची एक ओळ. "महिन्याची एकूण विक्री काढ" म्हटल्यावर एआय असिस्टंटने दोन्ही टेबलं जॉइन केली, म्हणजे ऑर्डर क्रमांकावरून जोडली, आणि ऑर्डरच्या रकमेची बेरीज केली. क्वेरी चालली, एरर नाही, आकडाही पटण्यासारखा. पण ज्यांनी पैसे दोन हप्त्यांत भरले त्यांची ऑर्डर दोनदा मोजली गेली. हप्त्यांनी भरणारे थोडे असतील तर फरक तीन-चार टक्क्यांचा येतो आणि तीन-चार टक्क्यांवर कुणी भुवई उंचावत नाही. टेबलची एक ओळ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न जॉइनच्या आधी विचारणारा माणूस इथे लागतो.

आणि मग व्याख्यांची भांडणं. "सक्रिय ग्राहक" म्हणजे लॉगिन केलेला की खरेदी केलेला? मार्केटिंगचं उत्तर वेगळं, फायनान्सचं वेगळं. सिमॅंटिक लेयरमध्ये (आकड्यांच्या व्याख्या ठेवायच्या थरात) एकच व्याख्या लिहून ठेवली की एजंट ती निमूट पाळतो. पण ती एक व्याख्या कोणती, यावर दोन विभागांना एका टेबलावर आणायचं काम एजंटकडून होत नाही. मीटिंगा होतात, भरपूर होतात. तुम्हाला मीटिंगचा तिटकारा असेल तर या बाजूला फिरकू नका. शिवाय हे काम नीट झालं की दिसत नाही. आकडा बरोबर आला म्हणून कुणी पाठ थोपटत नाही, आणि लहान टीममध्ये या कामाला वेगळी जागाही नसते.

एआयच्या बाजूचं काम

तिसरं काम नवं आणि सध्या झगमगाटाचं. कागदपत्रं गोळा करायची, तुकडे पाडायचे, एम्बेडिंग करून (मजकुराच्या अर्थाचं आकड्यांत रूपांतर करून) साठवायचे, आणि प्रश्न आला की योग्य तुकडे मॉडेलपुढे ठेवायचे. रॅग या नावाने ही पद्धत २०२० पासून ओळखली जाते. नावं नवी असली तरी निम्मं काम जुनंच, एक पाइपलाइनच. ही एम्बेडिंग साठवायला वेगळा व्हेक्टर डेटाबेस घ्यायची घाईही बऱ्याचदा फुकट जाते. पोस्टग्रेस या नेहमीच्या डेटाबेसमध्ये पीजीव्हेक्टर एक्स्टेन्शन टाकलं तर पुष्कळ ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

गंमत तुकड्यांमध्ये आहे. पीडीएफमधला तक्ता दोन पानांवर पसरलेला असतो. तुकडे पाडताना शीर्षकाची ओळ एका तुकड्यात जाते, आकडे दुसऱ्यात. मॉडेलला मिळतात नुसते आकडे, आणि ते बिनदिक्कत सांगतं की हे दिवस आहेत, जेव्हा मुळात ते टक्के असतात. किंवा जुनं धोरण इंडेक्समधून काढायचं राहून जातं आणि नवं-जुनं मिसळून सफाईदार उत्तर तयार होतं. इथली चूक ओरडत नाही आणि गप्पही बसत नाही. ती छान मराठीत समजावून सांगते! म्हणून अपेक्षित उत्तरांसह शे-दोनशे प्रश्नांचा संच करून प्रत्येक बदलानंतर तो चालवणं, ही या कामातली खरी मेहनत. डेमोच्या दिवशी तिच्याबद्दल कुणी विचारत नाही.

जमेची बाजू म्हणजे वरिष्ठांचं लक्ष आणि बजेट सध्या इकडेच आहे. खर्चाची बाजू म्हणजे वर्षापूर्वी शिकलेली लायब्ररी आज कुणी वापरत नसण्याची शक्यता.

मग कुणी काय घ्यावं

एक सावधगिरीची गोष्ट आधी. एआयमुळे आपला वेग वाढला, या भावनेवर निर्णय घेऊ नका. मीटर या संशोधन संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपरांना त्यांच्याच प्रोजेक्टमधली २४६ कामं दिली, काही एआय वापरून, काही त्याशिवाय. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के जास्त वेगाने केल्यासारखं वाटत होतं. प्रयोग छोटा होता, टूल्स तेव्हाची होती. तरी वाटणं आणि मोजणं यातलं अंतर ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

अगदी नवे असाल तर पाइपलाइनपासून सुरुवात करा, जरी त्यातली सोपी कामं आटली असली तरी. फेल झालेला जॉब स्वतःच्या हाताने उठवल्याशिवाय एजंटची दुरुस्ती खरी की मलमपट्टी, हे ओळखता येत नाही. चार-पाच वर्षं झाली असतील आणि व्यवसायाच्या प्रश्नांत रस असेल, तर मी मॉडेलिंगच सुचवेन. तिथे तुमच्या जुन्या अनुभवाला भाव आहे आणि एजंट जितके वाढतील तितकी धड व्याख्या केलेल्या टेबलांची गरज वाढेल. सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटमधून आलेल्यांना एआयची बाजू सोपी जाईल. पण तिथे गेलात तरी एसक्यूएल सोडू नका.

तरीही मन ठरत नसेल तर एक शनिवार काढा. रोज हाताखालून जाणारी तीन टेबलं घ्या, आणि तुमच्या कामाच्या ठिकाणी चालत असेल तरच असिस्टंटला दहा प्रश्न विचारा. नसेल तर बनावट डेटा घ्या. प्रत्येक उत्तर हाताने पडताळा. दोन-तीन तरी चुकतील. त्यातली कोणती चूक खणताना जेवायची वेळ टळली ते लिहून ठेवा: जॉबची, जॉइनची की तुकड्यांची.