नवी म्हणून माझीच जुनी डिस्क रंगवून बसवली

ठाण्यात कुणी बाइकच्या पुढच्या ब्रेकची डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) बदलून घेणार असेल तर आधी हे वाचा. माझे ३,६५० रुपये गेले, त्यातले काही परत आले, पण मी पैशांसाठी लिहीत नाही. माझी मुलगी त्या गाडीवर मागे बसून क्लासला जाते. ती तीन आठवडे ज्या ब्रेकच्या भरवशावर बसत होती, त्याची डिस्क कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेपेक्षाही पातळ होती. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

गाडी १५० सीसीची, २०१९ची. मी रोज घोडबंदर रोडने मीरा रोडला जातो. गायमुखचा उतार लागला की पुढचा ब्रेक सारखा धरावा लागतो. मार्चपासून त्या उतारावर लिव्हर बोटांना धक्के देऊ लागला. ब्रेक हलकाच दाबला तरी धड-धड-धड, आणि वेग उतरत गेला की धडधडही सावकाश होत जायची. डिस्क वाकली असेल किंवा एका जागी जास्त झिजली असेल तर असंच होतं.

घराजवळच्या गॅरेजात गाडी दिली. नाव लिहीत नाही. चार वर्षं तिथेच सर्व्हिसिंग करत होतो, ऑइल बदलायलाही दुसरीकडे गेलो नव्हतो. मालक म्हणाला, "डिस्क गेलीय साहेब. कंपनीची ओरिजिनल टाकतो, पॅड टाकतो, बोल्ट नवीन." (पॅड म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणारे तुकडे.) संध्याकाळी गाडी घेतली. काळी कुळकुळीत, चकचकीत डिस्क दिसली. मी विचारलं, "जुनी कुठे आहे?" तो म्हणाला, "आत्ताच भंगारवाला घेऊन गेला." बिलाच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं: डिस्क काम, ३,६५०. पार्ट नंबर नाही, जीएसटी नाही. मी यूपीआयने पैसे दिले आणि निघालो. मी तिथेच अडून बसायला हवं होतं. जुना पार्ट आपला असतो, तो मागायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

पहिले दहा-बारा दिवस ब्रेक उत्तम लागला. मग पुन्हा तीच धडधड, आधीपेक्षा जोरात. परत गेलो तर मालक म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीला एबीएस आहे ना, त्यात लिव्हर थरथरतोच." एबीएस म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. हे वाक्य कुणी तुम्हाला ऐकवलं तर सावध व्हा. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे आता हे कारण अशा कुठल्याही बाइकवाल्याच्या गळ्यात मारता येतं. एबीएसची थरथर चाक लॉक व्हायला आलं तरच येते, म्हणजे करकचून ब्रेक मारला किंवा वाळू-पाण्यावर मारला तर. कोरड्या रस्त्यावर सिग्नलला हळूच थांबताना धक्के येत असतील तर त्याचा एबीएसशी संबंध नाही.

आमच्या मजल्यावर एक काका राहतात. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांची टूलरूममध्ये तीस वर्षं गेली. निवृत्त झाले तरी मायक्रोमीटर (जाडी अचूक मोजायचं उपकरण) मखमली डबीत जपून ठेवलाय. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये गाडी उभी केली आणि काकांनी डिस्कवर मायक्रोमीटर लावला. "व्हर्नियर आणू नकोस," म्हणाले. व्हर्नियर म्हणजे सरकत्या जबड्याची मापपट्टी. "झिजलेल्या डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली कंगोरी राहते. व्हर्नियर तिच्यावर टेकतो आणि जास्त माप दाखवतो."

पाच ठिकाणी मापं घेतली: ३.२६, ३.२१, ३.१८, ३.२४, ३.१९. माझ्या गाडीची नवी डिस्क ४ मिलिमीटरची असते. काकांनी ब्रेक क्लीनर मारून मधल्या भागावरचा काळा रंग फडक्याने पुसला. रंग सुटून फडक्यावर आला आणि खाली कोरलेली अक्षरं दिसायला लागली: मिन टीएच ३.५. म्हणजे कमीत कमी जाडी साडेतीन मिलिमीटर.

तरीही मला वाटत होतं की कुणाची तरी जुनी डिस्क माझ्या गाडीला मारली असेल. मग चाक हळूहळू फिरवलं आणि डिस्कमधल्या एका भोकाच्या आतल्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा चपटा खड्डा दिसला. तो मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी डिस्क-लॉक (डिस्कच्या भोकात अडकवायचं कुलूप) न काढताच गाडी पुढे ढकलली होती, तेव्हाचा तो. वरचा पृष्ठभाग मशीनवर घासून गुळगुळीत केला होता, पण भोकाच्या आतली खूण कशी जाणार? माझीच डिस्क होती ती. घासली, रंगवली आणि नवी म्हणून मला विकली.

डिस्क घासली की एकदा सपाट होते, म्हणून पहिले काही दिवस ब्रेक छान लागतो. पण ब्रेक मारताना तयार होणारी उष्णता त्या लोखंडालाच शोषावी लागते. लोखंड कमी झालं की ती लवकर तापते आणि पुन्हा वाकते. गायमुखच्या उतारावर नेमकं तेच झालं.

डिस्क उतरवली तेव्हा अजून एक गोष्ट कळली. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, डिस्क जिथे टेकते तिथे गंजाचे पापुद्रे आणि जुन्या थ्रेड लॉकचे (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायच्या गोंदाचे) वाळलेले कण तसेच होते. अशा जागेवर नवीकोरी डिस्क बसवली असती तरी ती तिरकीच बसली असती. बोल्टही जुनेच, त्यातल्या दोन बोल्टांची डोकी आतून गोल झालेली.

मालकाला फोटो दाखवले. आधी म्हणाला, "असं होऊच शकत नाही," मग म्हणाला, "पोराने केलं असेल," मग १,५०० द्यायला तयार झाला. मी नाही म्हटलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ला, फोन करून तक्रार नोंदवली, आणि मापं, फोटो, यूपीआयची पावती जोडून त्याला स्पीड पोस्टने नोटीस पाठवली. त्यात लिहिलं की पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, हे त्याला माहीत असावं. नवव्या दिवशी २,९०० आले. मजुरीचे ७५० त्याने कापले. हातात पक्कं बिल असतं तर तेही सोडले नसते.

नवी डिस्क कंपनीच्या अधिकृत काउंटरवरून घेतली, पार्ट नंबर आणि जीएसटी असलेल्या बिलावर. काकांना सोबत नेलं होतं. काउंटरवरच मोजली, ४.०१ भरली. बोल्टही नवे घेतले, आणि पॅडही, कारण जुने पॅड जुन्या डिस्कच्या चरांप्रमाणे झिजलेले असतात.

बसवली घरीच, घाई न करता. चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. तो नसताना कुणी चुकून लिव्हर दाबला तर पिस्टन (पॅडना डिस्कवर दाबणारे दट्टे) बाहेर येतात. पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची पातळी वर चढते, म्हणून डबीखाली ओलं फडकं ठेवलं. ते ऑइल सांडलं तर टाकीचा रंग खातं. सगळ्यात जास्त वेळ हब साफ करण्यात गेला. गंज बारीक पॉलिश पेपरने काढला आणि आटे ब्रशने साफ केले. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने दोनदा पुसला आणि मग घासल्या जाणाऱ्या भागाला बोट लावलं नाही. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघूनच बसवायची. माझ्या गाडीत एबीएसची दातेरी रिंग त्याच बोल्टांखाली आहे, ती वाकणार नाही याची काळजी घेतली. बोल्टांना निळं थ्रेड लॉक लावलं आणि समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळायच्या पान्याने) आवळले. किती आवळायचे तो आकडा स्वतःच्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघा. दुसऱ्या मॉडेलचा आकडा चालत नाही.

मग काकांनी डायल गेज (डुलणं मोजायचं काट्याचं उपकरण) लावून चाक फिरवलं. जुनी डिस्क ०.४२ मिलिमीटर डुलत होती, नवी ०.०६. काटा जवळजवळ जागचा हललाच नाही. मला तिथे पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला. गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहिलो. हे विसरलं तर पिस्टन मागे असल्याने पहिला ब्रेक लागतच नाही आणि गाडी थेट पार्किंगच्या भिंतीवर जाते. दुसऱ्या दिवशी पहाटे कोलशेतच्या रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून पंधरापर्यंत, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा ब्रेक मारले. मधेमधे डिस्क थंड होऊ दिली. पॅड डिस्कवर नीट घासून बसले. मुलीला त्यानंतरच मागे बसवलं.

आता दर रविवारी सोसायटीतली मुलं गाड्या घेऊन काकांकडे येतात. काका कुणाकडून काही घेत नाहीत, फक्त मापं एका जुन्या डायरीत गाडी नंबरासमोर लिहून ठेवतात. गेल्या रविवारी बी विंगमधला एक मुलगा आला. त्याने दुसऱ्याच एका गॅरेजात महिन्यापूर्वी "नवी" डिस्क टाकून घेतली होती. काकांनी मायक्रोमीटर लावला, चष्मा पुसला, पुन्हा लावला. ३.३१. त्यांनी त्याला विचारलं, "अरे, जुनी परत घेतली होतीस का?"

मुलगा म्हणाला, "भंगारवाला घेऊन गेला म्हणाले."