सिममधली बारामती की खरी बारामती? ग्राफिक्स कार्डावर पैसे घालण्याआधी वाचा

परवा एका मित्राचा फोन आला, फ्लाइट सिमसाठी (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर) पीसी घेतोय, टॉपचं ग्राफिक्स कार्ड घेऊ का मधलं चालेल, आणि सीनरी खरंच खऱ्यासारखी दिसते का रे. त्याला मी तासभर पिळला, तेच इथे लिहून टाकतो. मी पायलट नाही हे आधीच सांगतो. घरी चार वर्षं मायक्रोसॉफ्टचं सिम उडवतोय, आधी 2020 वालं आणि आता 2024 वालं, एक्स-प्लेन 12 हे दुसरं सिम पण आहे, आणि मागच्या मे महिन्यात बारामतीहून सेसना 152 मध्ये इन्स्ट्रक्टरच्या शेजारी बसून तासभर खरोखरचा फिरून आलो. तोच रूट घरी इतक्या वेळा उडवला होता की आता नवीन काय दिसणार असं वाटत होतं.

वर गेल्यावर पहिली दहा मिनिटं खरंच तसंच वाटलं. जमिनीपासून दोन-अडीच हजार फुटांवर नीरा डावा कालवा, उसाचे हिरवे तुकडे, पुढे चमकणारं उजनीचं पाणी, सगळं जिथल्या तिथे, मी बोटाने दाखवत होतो आता हे येणार आता ते येणार आणि इन्स्ट्रक्टर हसत होते. म्हणजे रस्ता, नदी, गाव ओळखून उडायची सवय करायची असेल तर मायक्रोसॉफ्टचं सिम पैसे वसूल आहे. एक्स-प्लेनमध्ये मुळातली जमीन अशी फोटोवाली नसते, शेत म्हटलं की शेताचा ठरलेला नमुना, गाव म्हटलं की ठरलेली घरं, त्यामुळे आपलं गाव शोधायला गेलात तर हिरमोड होतो. ऑर्थो-फोर-एक्सपी हे फुकटचं टूल वापरून सॅटेलाइट फोटो घालता येतात पण त्यात रविवार जातो आणि हार्ड डिस्क भरते. एक्स-प्लेनचा रात्रीचा उजेड मात्र मला आवडतो, रनवेचे दिवे लांबून जसे टिमटिमतात तसे.

आता फरक कुठे पडतो. मायक्रोसॉफ्टवाले त्यांच्याच बिंग मॅप्स या नकाशाचे वरून काढलेले फोटो डोंगरदऱ्यांच्या आकारावर पांघरतात आणि 2020 वाल्यात ब्लॅकशार्क नावाच्या कंपनीचं एआय त्या फोटोतली छपरं बघून घरं उभी करतं. फोटो वरून काढलेला, त्यामुळे उभ्या कड्यावर तो ताणला जातो. लोणावळ्याची नागफणी जवळून बघा, मेणबत्ती वितळल्यासारखी दिसते. घरांचं तर विचारूच नका, 2020 ला सिम आलं तेव्हा बकिंगहॅम पॅलेस ऑफिसची बिल्डिंग झाला होता आणि मेलबर्नच्या साध्या वस्तीत 212 मजली टॉवर उभा राहिला होता, का तर ओपन स्ट्रीट मॅपमध्ये, म्हणजे लोकांनी मिळून भरलेल्या ज्या नकाशातून सिम माहिती घेतं त्यात, कुणीतरी 2 च्या जागी 212 टाइप केलं होतं. आपल्याकडे पत्र्याच्या शेडला उतरतं कौलारू छप्पर मिळतं, एवढंच.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते पळसदेवचं. उजनी धरणात बुडालेलं जुनं देऊळ आहे तिथे, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बाहेर येतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी मागे सरलेलं, चिखलाचे पट्टे, आणि मधोमध ते शिखर. घरी येऊन सिममध्ये त्याच जागी गेलो तर निळं सपाट पाणी, काठोकाठ, देवळाचा पत्ता नाही. फोटो एका दिवसाचा असतो हो, धरण वर्षभर वरखाली होत असतं.

दुसरं म्हणजे हवा. सिममध्ये बहुतेक वेळा आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ, क्षितिज पट्टीने आखलेलं. खऱ्यात मे महिन्यातला धुरळा, जमीन कुठे संपली आणि आकाश कुठे सुरू झालं तेच कळेना. त्यात काचेवर बारीक चरे आणि मेलेले किडे, सूर्य समोर आला की ते सगळे चरे एकदम पेटतात आणि पुढचं काही दिसत नाही.

आणि लँडिंग. घरी कित्येक केलीत, तिथे मात्र इन्स्ट्रक्टर म्हणाले, दांड्यावर फक्त हात हलके ठेव आणि मी करतो ते फॉलो कर. मी घरच्या हिशोबाने नाक वर उचलायला दांडा केव्हाच ओढला असता, ते शांत बसून राहिले, अजून खाली, अजून खाली, आणि मग हळूच. घरी स्क्रीन डोळ्यापासून दोन फुटांवर, आपण सरळ समोर बघतो. खऱ्यात रनवेच्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यातून दोन्ही बाजूंना पसरायला लागतात आणि उंची कळते ती तिथून. एअरलाइनच्या पायलटांची मोठी सिम्युलेटर असतात त्यात म्हणूनच आरशांची रचना करून चित्र लांबवर असल्यासारखं आणि बाजूपर्यंत वळवून दाखवतात. त्यातली झाडं-घरं कधीकधी आपल्या घरच्या सिमपेक्षाही साधी असतात, पण रनवे, दिवे, खुणा अचूक, आणि शिकायला तेवढं पुरतं.

तर मित्राला सांगितलं ते असं. कार्ड मधलं घे, 32 जीबी रॅम घाल आणि नेट चांगलं घे, कारण सीनरी नेटवरून येते, नेट रखडलं की लाखाचं कार्ड असूनही खाली चिखलच दिसतो. पैसे उरले तर हेड ट्रॅकर (डोक्याची हालचाल ओळखणारं यंत्र) घे, मान वळवली की बाजूचं दिसणं हे 4के पेक्षा जास्त खरं वाटतं. व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर लावायचा चष्मा, मी मित्राकडे लावून बघितला, जवळ-लांबचं अंतर मस्त जाणवतं पण मीटरवरचे आकडे वाचताना डोळे दुखले. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्सच करायचं असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेव, लागणाऱ्या 200 तासांत घरच्या सिमचं एक मिनिट धरत नाहीत.

आणि कार्डात वाचलेल्या पैशांतून एक तास खरा उड. मे महिन्यात जा म्हणजे देऊळ दिसेल, आणि सकाळी सातचा स्लॉट माग, नऊनंतर जमीन तापून हवा वर उठायला लागते आणि ते 152 असं काही उड्या मारतं की सकाळचे पोहे आठवतात.