अ‍ॅश की साग? जुन्या एमजीच्या सांगाड्यासाठी

बडोद्यात आमच्या मागच्या पडवीत १९४७ची एमजी टीसी ही ब्रिटिश मोटार पत्रा उतरवून उभी आहे. चॅसी, म्हणजे खालची चौकट, पोलादाची, पण बॉडीचा सांगाडा मुळातच अ‍ॅश या परदेशी झाडाच्या लाकडाचा. दाराच्या बिजागरीच्या खांबाच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि काळपट भुसा ओंजळीत पडला.

आता नवा खांब कशाचा?

साग इथल्या मिस्त्रींच्या हातातला. जुन्या वाड्याची तुळई मिळाली तर उत्तमच, कारण ती पुरती वाळलेली असते. अंगच्या तेलामुळे त्याला ओल आणि वाळवी सहसा बाधत नाही. पण तेच तेल सांध्याला नडतं. इपॉक्सी हा पक्का गोंद लावण्याआधी लाकूड असिटोन या द्रावकाने पुसून लगेच चिकटवावं लागतं, नाहीतर जोड पुढे सुटतो.

अ‍ॅश आयातीचं, म्हणून महाग. ओलीत लवकर कुजतं, आणि आमच्या पावसाळ्यात ही उणीव लहान नाही. तरी धक्का सोसावा तर अ‍ॅशनेच! हातोडी-कुऱ्हाडीचे दांडे उगाच त्याचे करत नाहीत. वाफेवर ते छान वाकतंही. साग त्यामानाने ठिसूळ, हादऱ्याने स्क्रूपाशी चिरू शकतो.

दाराचं सगळं वजन बिजागरीवर येतं, म्हणून खांब मी अ‍ॅशचाच करतोय. बूड इपॉक्सीत मुरवून, स्क्रू पितळी. पाणी साचतं त्या खालच्या पट्ट्या मात्र सागाच्या.

जुना खांब कितीही कुजलेला असो, टाकू नका. स्क्रूची भोकं आणि कोन त्यावरूनच उतरवायचे आहेत.