तळघरातील सिमकार्ड: कोपनहेगनमधील एका हीटिंग देखरेख सेवेचे परीक्षण

कोपनहेगन शहरातील जवळजवळ ९८ टक्के घरे डिस्ट्रिक्ट हीटिंगवर चालतात. त्यामुळे घरोघरी बॉयलर नसतो. वीजकेंद्रांत आणि कचरा जाळणाऱ्या प्रकल्पांत तापवलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून प्रत्येक इमारतीच्या तळघरापर्यंत येते, तिथल्या हीट एक्स्चेंजरमध्ये आपली उष्णता इमारतीच्या पाण्याला देते आणि थंड होऊन परत जाते. आमच्या गृहनिर्माण संस्थेने तळघरातल्या या यंत्रणेवर मोबाईल नेटवर्कमार्फत दुरून लक्ष ठेवणारी सेवा घेतली आहे आणि समितीवर असल्यामुळे तिची बिले व तिच्याविषयीच्या तक्रारी दोन्ही माझ्याकडे येतात. पुरवठादाराचे नाव मुद्दाम देत नाही. अशी सेवा देणाऱ्या कंपन्यांची मांडणी बरीचशी सारखी असते, आणि युरोपात फ्लॅट घेऊन सोसायटीच्या कामात पडलेल्या मराठी मंडळींना नावापेक्षा काय तपासून घ्यावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

सेवेचा दृश्य भाग म्हणजे भिंतीवरच्या पॅनेलमध्ये बसवलेला एक छोटा डबा. तो एका बाजूने उष्णता मीटरची माहिती एम-बसवरून आणि कंट्रोलरची, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडायचा हे ठरवणाऱ्या उपकरणाची, माहिती मॉडबसवरून वाचतो (दोन्ही यंत्रांनी तारेवरून एकमेकांशी बोलण्याच्या पद्धती), दुसऱ्या बाजूने आतल्या सिमकार्डद्वारे ती कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतो. आपण ती ब्राउझरमध्ये किंवा फोनवर पाहतो. इथे एक रास्त शंका येते की उष्णता पुरवणाऱ्या संस्थेचा मीटर आधीच दुरून वाचला जात असताना हा वेगळा खर्च कशासाठी करायचा. युरोपीय संघाच्या नियमानुसार २५ ऑक्टोबर २०२० नंतर बसवलेले उष्णता मीटर दुरून वाचता येणारे असावे लागतात आणि १ जानेवारी २०२७ पर्यंत जुने मीटरही तसे करून घ्यायचे आहेत. परंतु तो मीटर इमारतीच्या उंबरठ्यावरची गोष्ट सांगतो. आत रेडिएटरच्या चक्रात काय चालले आहे, गरम पाण्याच्या नळात किती तापमान आहे, व्हॉल्व्ह किती उघडा आहे आणि उत्तरेकडच्या भिंतीवरचा बाहेरच्या हवेचा सेन्सर खरे बोलतो आहे की त्यावर कुणाच्या खिडकीतली ऊब येते आहे, हे त्याला ठाऊक नसते.

या सगळ्या आकड्यांत ज्यासाठी पैसे मोजावेत असा आकडा एकच आहे: परत जाणाऱ्या पाण्याचे तापमान. एक घनमीटर पाणी एक अंशाने थंड झाले की साधारण १.१६ किलोवॅट-तास उष्णता मिळते. आलेले पाणी ७० अंशांचे असून ४० अंशांवर परत गेले तर प्रत्येक घनमीटरमागे सुमारे ३५ किलोवॅट-तास मिळतात. तेच ५५ अंशांवर परत गेले तर निम्मेच मिळतात, म्हणजे तेवढ्याच उबेसाठी दुप्पट पाणी फिरवावे लागते, पंपांची वीज वाढते आणि परतीच्या नळातून वाटेत जमिनीलाही अधिक उष्णता जाते. म्हणूनच डेन्मार्कमधील अनेक पुरवठा संस्था पाणी पुरेसे थंड करून न पाठवणाऱ्या इमारतींना जादा आकार लावतात आणि चांगले थंड करणाऱ्यांना सवलत देतात. घरात बसलेल्या माणसाला यातले काहीच जाणवत नाही, कारण खोली दोन्ही परिस्थितींत सारखीच उबदार असते. बिघाड फक्त बिलात दिसतो, आणि वार्षिक हिशेब हाती येईपर्यंत अख्खा हिवाळा उलटलेला असतो.

या कामात सेवेला मी चांगले गुण देईन. रेडिएटरच्या चक्राचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला होता, तो आलेखात स्पष्ट दिसला: बाहेर ऊन पडून हवा तापली तरी प्रवाह खाली येत नव्हता. त्याहून उपयोगी ठरला तो गरम पाण्याच्या एक्स्चेंजरचा आलेख. कोपनहेगनचे पिण्याचे पाणी चुनखडीतून येते आणि बरेच जड आहे. आपल्याकडे बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो तसाच तो इथे एक्स्चेंजरच्या पट्ट्यांवर चढतो. थर वाढला की नळाला तेच तापमान देण्यासाठी व्हॉल्व्ह अधिकाधिक उघडावा लागतो आणि परतीचे पाणी आठवड्यागणिक थोडे थोडे गरम होत जाते. एका दिवसाच्या आकड्यांत ही चढण कुणालाच कळणार नाही. काही महिन्यांच्या आलेखात ती सरळ रेषेसारखी दिसते, आणि एक्स्चेंजर धुऊन घेण्याची वेळ अंदाजाने न ठरवता ठरवता येते. गरम पाण्याच्या फिरत्या नळातले तापमान ५० अंशांखाली जाऊ नये, हा कोमट पाण्यात वाढून आजार पसरवणाऱ्या लीजिओनेला जिवाणूंमुळे पाळायचा दंडकही याच पडद्यावर तपासता येतो. देखभालदार पूर्वी त्यासाठी वही घेऊन तळघरात उतरत असे.

आता सिमकार्डाकडे येतो, कारण या सेवेची खरी परीक्षा तिथे होते. आमची इमारत जुनी, तळघराच्या भिंती जाड विटांच्या, त्यात पॅनेल लोखंडी. बसवणाऱ्याने अँटेना त्याच पॅनेलवर चिकटवला, आणि आकडे कधी यायचे तर कधी यायचे नाहीत. तळघराच्या खिडकीतून केबल काढून अँटेना बाहेर लावल्यावर हा प्रश्न मिटला, पण ती केबल मूळ दरपत्रकात नव्हती. तळघरात सिग्नल मोजल्याशिवाय दरपत्रक देणाऱ्याला परत पाठवावे, असे माझे मत आहे. सिमकार्ड एकाच कंपनीच्या नेटवर्कला बांधलेले नसून मिळेल ते नेटवर्क पकडणारे असावे, कारण तळघरात कोणत्या कंपनीचा सिग्नल पोहोचेल हे इमारतीनुसार बदलते.

नेटवर्क कोणत्या पिढीचे आहे हेही विचारून घ्यावे. जर्मनीत २०२१ मध्ये ३जी बंद झाले आणि त्यावर चालणारे मोडेम एकाएकी मुके झाले. आज कुणी स्वस्तात जुना डबा देत असेल तर तो का स्वस्त आहे हे त्यावरून समजावे. २०१६ मध्ये प्रमाणित झालेले एनबी-आयओटी हे थोडीच माहिती पाठवणाऱ्या उपकरणांसाठीचे मोबाईल तंत्र तळघरांसाठी चांगले आहे, कारण जुन्या जीएसएमच्या (२जी) मानाने ते सुमारे २० डेसिबल अधिक कमकुवत सिग्नलवरही काम करते. मात्र बॅटरी वाचवण्यासाठी असे उपकरण बराच वेळ झोपलेले असते आणि जागे झाल्यावरच त्याला आपला निरोप मिळतो. नुसते मीटर वाचायचे असतील तर एवढे पुरते. पण पहाटे उणे तापमानात कंट्रोलरची सेटिंग दुरून बदलायची असेल, तर विजेवर चालणारा साधा ४जी डबाच घ्यावा. आम्ही तोच घेतला, आणि ती निवड योग्य होती.

सेवेतला सर्वात गंभीर दोष एका जानेवारीतल्या शनिवार-रविवारी समोर आला. डब्याचा संपर्क तुटला होता, तरी ॲप शेवटचे आलेले आकडे हिरव्या रंगात दाखवत राहिले आणि ते केव्हाचे आहेत हे पाहण्यासाठी दोन पाने आत जावे लागत होते. वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांनी रेडिएटर गार असल्याचे कळवले तेव्हा पडद्यावर सर्व काही उत्तम होते. देखरेखीच्या यंत्रणेने चुकीचा आकडा दाखवणे एक वेळ चालेल, कारण तो माणसाच्या डोळ्यांत खुपतो. जुना आकडा ताजा म्हणून दाखवणे चालणार नाही. ठरलेल्या वेळेत माहिती आली नाही तर सर्व्हरने स्वतःहून इशारा द्यावा, ही सोय सेवेत होती, परंतु ती मुळात बंद ठेवलेली होती आणि सुरू करण्याचे वेगळे शुल्क होते. अशा सोयीला वेगळे शुल्क लावणे मला व्यवसाय म्हणूनही हलके वाटते.

इतर इशाऱ्यांविषयी थोडक्यात एवढेच की सुरुवातीला ते फार येतात. सकाळी सगळे एकदम अंघोळीला गेले की गरम पाण्याचे तापमान क्षणभर खाली येतेच, त्याचा एसएमएस कुणालाही नको असतो. मर्यादा आणि विलंब आपल्या इमारतीनुसार बदलून घेतल्यावर हा त्रास संपला.

सुरक्षेबाबत मात्र विस्ताराने लिहिणे भाग आहे. मॉडबस या जुन्या पद्धतीत ओळख तपासण्याची सोय नाही. ज्याला तारेपर्यंत पोहोचता येते, त्याची आज्ञा कंट्रोलर मानतो. फिनलंडमधील लापेनरांता येथे नोव्हेंबर २०१६ मध्ये इंटरनेटवरून झालेल्या हल्ल्यात दोन इमारतींचे हीटिंग बंद पडले होते. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनमधील ल्विव्ह शहरात ६०० हून अधिक निवासी इमारतींना कडाक्याच्या थंडीत जवळजवळ दोन दिवस उष्णता मिळाली नाही. पुढे फ्रॉस्टीगूप या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रोग्रॅमने मॉडबसवरूनच कंट्रोलरना चुकीच्या आज्ञा दिल्या होत्या. युद्धातल्या शहराशी आमच्या शांत गल्लीची तुलना होत नाही, हे मान्य. परंतु कंट्रोलर इंटरनेटवर उघडा ठेवण्याचा धोका दोन्हीकडे तोच आहे. आमच्या सेवेत सिमला सार्वजनिक पत्ता नाही, माहितीची वाहतूक खासगी एपीएनमधून (मोबाईल नेटवर्कमधली फक्त आपल्यासाठीची वाट) आणि कूटबद्ध व्हीपीएनमधून (इतरांना वाचता न येणारी जोडणी) जाते, आणि सेटिंग बदलण्याचा अधिकार पाहण्याच्या अधिकारापासून वेगळा ठेवता येतो. हे तिन्ही मुद्दे करारात लिहून मिळाले, त्याबद्दल पुरवठादाराला पूर्ण गुण. संपर्क तुटला तरी कंट्रोलर त्याच्यात आधीच भरलेल्या सेटिंगनुसार चालत राहतो, हेही आम्ही सिम काढून पाहून घेतले.

माहितीवर हक्क कोणाचा, हा मुद्दा करार करताना सहसा सुटतो. आमचे आकडे सीएसव्ही स्वरूपात (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) उतरवून घेता येतात, पण फक्त चालू आणि मागच्या वर्षाचे. चुन्याच्या थराचा वेग समजायला त्याहून मोठा काळ लागतो. म्हणून समितीने दर महिन्याला ते उतरवून ठेवण्याचे काम देखभालदाराकडे दिले आहे.

कराराचे नूतनीकरण करताना आम्ही एक वर्षाचीच मुदत दिली आणि संपर्क तुटल्याचा इशारा मूळ वर्गणीत घ्यायला लावला. मोठ्या इमारतीसाठी, आणि समितीत आठवड्यातून एकदा तरी आलेख उघडून पाहणारे कुणी असेल तर, ही सेवा मी घ्या म्हणेन. स्वतंत्र बंगल्यात राहणाऱ्यांनी हा खर्च करू नये. त्यांच्या एका एक्स्चेंजरसाठी पुरवठा संस्थेच्या मीटरमधील परतीचे तापमान अधूनमधून पाहणे पुरेसे आहे.