१०एक्स ट्रिपलेट लूप: माणिक पारखताना किती भरवशाचा?

माणिक नैसर्गिक की कृत्रिम, हे रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते (अपवर्तनांक) मोजणाऱ्या उपकरणावर कळत नाही. दोन्ही कोरंडमच (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे स्फटिक), त्यामुळे अपवर्तनांक सारखाच, १.७६२ ते १.७७०. फरक असतो तो खड्याच्या आत, वाढीच्या खुणांत. त्या पाहायला खिशात मावणारं सर्वांत कामाचं साधन म्हणजे १०एक्स ट्रिपलेट लूप, दहापट मोठं दाखवणारं तीन काचा जोडलेलं छोटं भिंग.

घेताना आलेखाच्या कागदावर धरून बघा. कडेच्या रेषा वाकल्या किंवा त्यांना रंगीत झालर दिसली, तर ते भिंग तीन काचांचं असो वा नसो, कामाचं नाही. ‘३०एक्स’ छापलेली स्वस्त भिंगं टाळाच. बऱ्याचदा त्यात एकच काच असते. चौकट काळी हवी, चकचकीत चौकटीचा रंग खड्यात उतरतो. एलईडीचं कडं असलेला प्रकार आम्हाला पटला नाही. समोरून पडणारा उजेड पैलूंवरूनच परततो आणि आतलं काही दिसत नाही.

खडा पुसून चिमट्यात धरा, लूप डोळ्याला जवळजवळ टेकवा आणि खडा भिंगापासून अडीच सेंटीमीटरवर आणा. उजेड बाजूने द्या. ज्वालापद्धतीच्या, म्हणजे पूड ज्वालेत वितळवून बनवलेल्या कृत्रिम माणकात वक्र रेषा आणि वायूचे गोल बुडबुडे सापडतात. रेषा सहजी दिसत नाहीत: खडा पाण्यात बुडवा, खाली पांढरा कागद ठेवा आणि खडा हळूहळू फिरवत राहा. इथे एक घोटाळा नेहमी होतो. पॉलिशचे ओरखडे वाढीच्या रेषा समजले जातात. ओरखड्यांची दिशा पैलूगणिक बदलते. वाढीची रेषा आतून असते, ती पैलूची कड ओलांडून तशीच पुढे जाते.

नैसर्गिक माणकात सरळ, कोनात मोडणारे रंगपट्टे आणि ६० अंशांत छेदणाऱ्या रुटाइल या खनिजाच्या बारीक सुया, म्हणजे ‘रेशीम’, मिळू शकतं.

फ्लक्स पद्धतीच्या, म्हणजे वितळलेल्या द्रावकात वाढवलेल्या कृत्रिम माणकापुढे मात्र लूप कमी पडतो. त्यातले विरळ पडदे नैसर्गिक माणकातल्या ‘बोटांच्या ठशां’सारखेच (भरून आलेल्या तड्यांच्या खुणांसारखेच) भासतात, तिथे सूक्ष्मदर्शकच लागतो. आत काहीच न दिसणाऱ्या स्वच्छ खड्यावर तर लूपच्या जोरावर निकाल देऊच नका, प्रयोगशाळेत पाठवा.

भिंग मऊ कोरड्या कापडानेच पुसा. ॲसिटोन लागलं तर काचा जोडणारा चिकटा सुटतो आणि कडेने धुरकट डाग चढतो.