कोरियन घरबसल्या शिकताना ‘ग्रामर इन यूज’ कधी घ्यावं?

‘कोरियन ग्रामर इन यूज’चा पहिला भाग नवशिक्यांना सर्रास सुचवला जातो. दाराकवॉन प्रकाशनाचं हे पुस्तक उत्तम आहे, पण सुरुवात त्याने करू नका. हांगुल लिपी येते असं ते धरून चालतं आणि शब्दसंग्रह हळूहळू वाढवत नेणं हे त्याचं कामच नाही.

आधी ‘टॉक टू मी इन कोरियन’ या पुस्तकमालेचं लेव्हल 1 घ्या: 25 छोटे धडे, सोबत ऑडिओ. सराववही वेगळी विकत मिळते, तीही घ्याच. रोमन अक्षरं मात्र कागदाने झाकून वाचा. रोमनमध्ये ई आणि ओ जोडून लिहिलेलं दिसलं की आपण ‘इओ’ म्हणतो; खरं तर तो ‘ऑ’च्या जवळचा एकच स्वर आहे. चुकीचा उच्चार एकदा बसला की ऐकताना ओळखीचा शब्दही निसटतो. वाक्यरचनेचे धडे भराभर उरका. क्रियापद शेवटी, नामाला जोडलेले प्रत्यय, हे मराठी माणसाला नवीन नाही.

मग ‘ग्रामर इन यूज’. नियम, संवाद, स्वाध्याय, आणि पुस्तकाच्या शेवटी उत्तरं. पैसे वसूल होतात ते जवळच्या रूपांच्या तुलनेत. ‘-आसॉ’ आणि ‘-निक्का’ दोन्ही कारण सांगतात. पण ‘उशीर झालाय म्हणून टॅक्सीने जाऊ या’ यात ‘-आसॉ’ चालत नाही. पुढे आज्ञा किंवा सुचवणं आलं की ‘-निक्का’च लागतं. मराठीत दोन्हीकडे ‘म्हणून’ चालत असल्याने आपण इथे हमखास घसरतो.

एक गोष्ट खटकते. अनियमित क्रियापदं थेट शेवटच्या, 24व्या प्रकरणात आहेत. ‘छुप्ता’ म्हणजे थंडी असणे, त्याचं बोलताना ‘छुवॉयो’ होतं, आणि असले शब्द तर सुरुवातीलाच भेटतात. त्यामुळे वर्तमानकाळ झाला की लगेच ते प्रकरण उघडा, रोज एकच प्रकार घ्या आणि पाच वाक्यं स्वतः लिहा.

सोगांग, योन्सेई विद्यापीठांची पुस्तकं वर्गासाठी लिहिलेली आहेत. जोडीने बोलायचे स्वाध्याय एकट्याला करता येत नाहीत. सोबती किंवा शिक्षक असेल तरच घ्या.

टॉपिक ही कोरियन येतं का हे तपासणारी अधिकृत परीक्षा. तिच्या सुरुवातीच्या स्तरात, टॉपिक-1 मध्ये, 70 पैकी 30 प्रश्न ऐकण्याचे असतात, लेखन नसतं. 200 पैकी 80 गुणांना पहिली पातळी मिळते, 140 ला दुसरी. दुसरी हवी असेल तर निव्वळ व्याकरणावर भागणार नाही. अधिकृत संकेतस्थळावरच्या जुन्या प्रश्नपत्रिका ऑडिओसकट, घड्याळ लावून सोडवा.